पेढी सांभाळून पाखरांचा हिशेब

क्रॉफर्ड मार्केटच्या गर्दीतून वाट काढत पलीकडे गेले की अब्दुल रहमान स्ट्रीट लागते. घरात लग्न निघाले किंवा ईद जवळ आली की आपल्यापैकी अनेकांचे पाय याच भागाकडे वळतात. हातगाड्या, हमालांची हाकाटी, घाऊक मालाची दुकाने, त्यात जुम्मा मशिदीकडे निघालेली माणसे. या रस्त्यावर कुणी पाखरांचा विचार करत बसला असेल असे मला कधी वाटले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी मुलाच्या शाळेने कोकणातल्या पक्ष्यांवर काहीतरी लिहून आणायला सांगितले. त्या निमित्ताने मी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाचे जुने अंक चाळत होते. या अंकांत शेवटी छोटी टिपणे असतात. कुणी एखादा पक्षी भलत्याच ठिकाणी पाहिला, कुणाला घरटे सापडले, असे काही. प्रत्येक टिपणाखाली लिहिणाऱ्याचे नाव आणि पत्ता. बहुतेक पत्ते महाविद्यालयांचे, वनखात्याचे, चहामळ्यांचे. त्यांतच एक पत्ता पुन्हा पुन्हा येऊ लागला : फैज अँड कंपनी, अब्दुल रहमान स्ट्रीट, मुंबई. आणि नाव : हुमायून अब्दुलाली.

मला हसू आले आणि कुतूहलही वाटले. बाजारपेठेतल्या पेढीचा पत्ता देऊन पाखरांबद्दल लिहिणारा हा माणूस कोण? मग एकेक धागा मिळत गेला. आज वाचकांना त्यांचीच ओळख करून द्यायची आहे, कारण हे नाव आपल्या घरांत जितके ठाऊक असायला हवे तितके नाही.

कोबेमध्ये जन्म, मुंबईत आयुष्य

हुमायून अब्दुलाली यांचा जन्म १९ मे १९१४ रोजी जपानमधल्या कोबे या बंदराच्या शहरी झाला. घराणे सुलेमानी बोहरा, व्यवसाय तिजारतीचा. त्या काळी मुंबईचे अनेक मुस्लिम व्यापारी रंगून, कोबे, हाँगकाँग अशा बंदरांतून कारभार करत. त्यामुळे व्यापाऱ्याच्या मुलाचा जन्म सातासमुद्रापार होणे हे काही नवलाचे नव्हते. पुढे मात्र त्यांचे सारे आयुष्य मुंबईत गेले आणि ३ जून २००१ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, मुंबईतच त्यांचा इंतकाल झाला.

डॉ. सलीम अली हे त्यांचे नात्याने भाऊ. सलीम अलींचा जन्म १८९६ चा, म्हणजे हुमायून त्यांच्यापेक्षा साधारण सतरा-अठरा वर्षांनी लहान. सलीम अलींची कहाणी आपण शाळेच्या पुस्तकातून वाचलेली असते. लहानपणी पिवळ्या गळ्याची चिमणी छर्‍याच्या बंदुकीने मारली, ती कोणती हे विचारायला सोसायटीच्या दारात गेले आणि तिथून आयुष्याला वळण लागले. त्या कहाणीतला मधला भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. सलीम अलींनाही घरच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात तवॉयला धाडले होते. तिथे खाणीचा आणि लाकडाचा कारभार होता. पण मन जंगलातल्या पाखरांत, त्यामुळे धंदा काही जमला नाही. अखेर त्यांनी व्यापार सोडला आणि पक्षी हेच आयुष्य केले.

हुमायून यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी व्यापार सोडला नाही आणि पाखरेही सोडली नाहीत. एकाच बिरादरीतली ही दोन माणसे. दोघांचाही शौक एक, पण तो निभावण्याची रीत वेगळी. मला वाटते, आपल्यासारख्या सामान्य घरांना दुसरी वाट अधिक उपयोगाची आहे. सगळ्यांनाच पोटापाण्याचा उद्योग सोडून देणे परवडत नाही.

मुंबई आणि साष्टीची पाखरे

१९३६ पासून सोसायटीच्या नियतकालिकात एक लेखमाला सुरू झाली. विषय होता मुंबई आणि साष्टी बेटावरचे पक्षी. लेखक दोघे : सलीम अली आणि हुमायून अब्दुलाली. त्या वर्षी हुमायून अवघे बावीस वर्षांचे होते. पुढे या लेखांचे पुस्तकही झाले.

त्या वेळची मुंबई डोळ्यांसमोर आणून पाहा. अंधेरी, मालाड, बोरिवली या भागांत भातशेती होती, ताडामाडाची बने होती, खाडीकाठी खाजणे आणि मिठागरे होती. आज जिथे इमारतींमागे इमारती उभ्या आहेत तिथे हिवाळ्यात बदकांचे थवे उतरत. कोणता पक्षी कधी येतो, कुठे घरटे करतो, किती दिसतो, याची नोंद या दोघांनी केली. आज मुंबईत काय होते आणि काय हरवले हे सांगायचे तर या नोंदींना पर्याय नाही. कारण मागे जाऊन मोजता येत नाही. ज्याने त्या दिवशी लिहून ठेवले त्याचेच उरते.

पुढे १९७३ मध्ये अब्दुलालींनी महाराष्ट्रातल्या पक्ष्यांची यादी तयार करून प्रसिद्ध केली. कोणता पक्षी कायम राहणारा, कोणता पाहुणा, कोणता वाट चुकून आलेला, असा तिचा उपयोग. आपल्या राज्यात दुर्बीण घेऊन फिरणाऱ्या अनेकांच्या पिशवीत ही छोटी पुस्तिका बरीच वर्षे असे.

शिकाऱ्याने लिहिलेला कायदा

एक गोष्ट लपवून चालणार नाही. अब्दुलाली शिकारी होते. त्या पिढीतले बहुतेक निसर्ग-अभ्यासक तसेच होते. त्या वेळी कॅमेऱ्याने दूरचा पक्षी टिपणे सोपे नव्हते आणि पक्ष्याची नक्की ओळख पटवायची तर तो हातात घ्यावा लागे. शिवाय शिकारीचा आनंद हाही होताच. त्यांनी तो नाकारला नाही.

पण नेमाने शिकार करणाऱ्याला एक गोष्ट इतरांच्या आधी कळते : गेल्या वर्षी जिथे शंभर होते तिथे यंदा चाळीस आहेत. अब्दुलालींच्या ते ध्यानात आले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने वन्य प्राणी आणि वन्य पक्षी यांच्या संरक्षणासाठी १९५१ मध्ये कायदा केला. त्याचा मसुदा घडवण्यात अब्दुलालींचा मोठा वाटा होता. कोणी, कधी, कशाची शिकार करायची याला परवान्याचे आणि नियमांचे बंधन आले. सगळ्या देशासाठी वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ मध्ये झाला. म्हणजे आपल्या राज्याने त्याच्या एकवीस वर्षे आधी ही वाट धरली होती.

स्वतःच्या आवडीवर बंधन घालणारा कायदा स्वतःच्या हाताने लिहायला मन मोठे लागते. आपली सवय चुकीच्या जागी पोहोचली आहे हे कळल्यावर ती कवटाळून बसण्यासाठी माणसाला शंभर सबबी सापडतात. अब्दुलालींनी सबब शोधली नाही. याच पन्नाशीच्या दशकात ते सोसायटीचे मानद सचिव होते. मानद म्हणजे बिनपगारी. पेढीचे काम उरकायचे आणि मग संस्थेचे.

वेंगुर्ल्याच्या खडकांवर

कोकणातल्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक हकीकत आहे. वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रात खडकाळ बेटांचा पुंजका आहे. तिथे दीपगृह आहे. उन्हाळ्यात सुरय पक्षी तिथे अंडी घालतात आणि गुहांच्या अंधारात पाकोळ्या घरटी करतात. या पाकोळ्या आपल्या लाळेने घरटे चिकटवतात. अशा घरट्यांचे सूप पूर्वेकडच्या देशांत मोठ्या चवीने आणि मोठ्या किमतीला विकले जाते. त्यामुळे वेंगुर्ल्याची घरटीही काढली जात.

अब्दुलाली ऐन तरुणपणी या खडकांवर गेले आणि तिथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर त्यांनी १९४० च्या आगेमागे लेख लिहिले. उन्हाळ्यातल्या कोकणच्या समुद्रात होडीने असल्या खडकावर उतरणे म्हणजे काय, हे आपल्या खलाशी बांधवांना वेगळे सांगायला नको. लाट चुकली तर पाय घसरलाच. मुंबईत गादीवर बसून मालाचे भाव विचारता येतात, पण गुहेत किती घरटी आहेत हे तिथे जाऊनच मोजावे लागते.

तीस वर्षे वाट पाहणारे घुबड

अंदमान आणि निकोबार ही बेटे त्यांचा आवडता विषय. १९६४ मध्ये या बेटांवरच्या पक्ष्यांविषयी त्यांनी मोठा लेख प्रसिद्ध केला. पुढेही ते तिथे जात राहिले. नारकोंडम नावाचे एक चिमुकले ज्वालामुखीचे बेट आहे. तिथला धनेश जगात दुसरीकडे कुठेही आढळत नाही. त्या बेटावरही त्यांनी लिहिले.

१९६६ मध्ये ग्रेट निकोबारवर कॅम्पबेल बे येथे त्यांना एक लहानसे घुबड मिळाले. नमुना मुंबईला आणून सोसायटीच्या संग्रहात ठेवला गेला. त्या वेळी ते आधीपासून माहीत असलेल्या जातीतलेच समजले गेले. तीस वर्षांहून अधिक काळ ते घुबड कपाटाच्या खणात पडून होते. मग पामेला रासमुसेन या अमेरिकी संशोधिकेने बारकाईने तपासणी केली आणि १९९८ मध्ये जाहीर केले की ही विज्ञानाला नवीन असलेली जात आहे. तेव्हा अब्दुलाली ८४ वर्षांचे होते.

या घटनेत मला एक धडा दिसतो. ज्याने नमुना आणला त्याला त्याची खरी किंमत कळली नव्हती. पण त्याने कुठे मिळाला, कधी मिळाला याची चिठ्ठी नीट लावून ठेवली होती. ती चिठ्ठी नसती तर ते घुबड म्हणजे पिसांचा एक गोळा. काम चोख करून ठेवले की त्याचा अर्थ पुढचा माणूस लावतो.

कपाटातल्या हजारो पाखरांची यादी

अब्दुलालींचे सर्वात मोठे काम मात्र समुद्रात किंवा जंगलात झालेले नाही. ते सोसायटीच्या इमारतीत, कपाटांसमोर बसून झाले. संस्थेकडे गेल्या शतकभरात जमलेले हजारो पक्षी होते. आतून कापूस भरलेले, पायाला चिठ्ठी बांधलेले. कोणी ब्रिटिश अधिकाऱ्याने दिलेले, कोणी संस्थानिकाने, कोणी व्यापाऱ्याने. चिठ्ठ्या फिकट झालेल्या, काहींची नावे चुकीची. या सगळ्यांची नीट सूची करायला त्यांनी घेतली. एकेक पक्षी बाहेर काढायचा, पंख, शेपटी, चोच मोजायची, ओळख पुन्हा तपासायची, चुकले असेल तर दुरुस्त करायचे.

या सूचीचा पहिला भाग १९६८ मध्ये छापला गेला. मग दुसरा, तिसरा, दहावा, विसावा. नव्वदीच्या दशकापर्यंत हे काम चालूच होते आणि भागांची संख्या पस्तिशीच्या पुढे गेली. चोपन्नाव्या वर्षी हाती घेतलेले काम माणूस ऐंशीच्या घरात पोहोचेपर्यंत करत राहिला. यात ना टाळ्या होत्या, ना पैसा. व्यापारी वर्षाच्या शेवटी गोदामातला माल मोजतो, वही आणि माल यांचा मेळ घालतो. अब्दुलालींनी तेच केले. फक्त माल वेगळा होता.

बेडकांचा जमाखर्च

पाखरांच्या पलीकडेही त्यांची नजर जाई. साप, सरडे, बेडूक, जे दिसेल त्याची नोंद. खंडाळा आणि महाबळेश्वरच्या ओढ्यांत आढळणाऱ्या एका लहानशा बेडकाचे वर्णन १९५५ मध्ये झाले, तेव्हा त्याच्या शास्त्रीय नावात ‘हुमायूनी’ हा शब्द घातला गेला. हा बेडूक आपल्या सह्याद्रीतच राहतो, रात्री ओढ्याकाठी ओरडतो आणि त्याची अंडी पाण्यावर झुकलेल्या पानांवर असतात. २०१६ मध्ये त्याच्या प्रजननाची इतर कुठल्याही बेडकात न आढळलेली एक रीत संशोधकांनी नोंदवली, आणि हे नाव पुन्हा जगभरच्या बातम्यांत आले.

बेडकांचा दुसरा विषय अधिक गंभीर होता. त्या काळात भारतातून बेडकांच्या तंगड्या गोठवून अमेरिकेत आणि युरोपात पाठवल्या जात. १९८१ या एका वर्षात चार हजार टनांहून अधिक माल गेला. नुसत्या तंगड्यांचे एवढे वजन, म्हणजे बेडूक किती असतील याचा अंदाज करा. पकडणे चाले ते पावसाळ्याच्या रात्री, म्हणजे नेमके अंडी घालण्याच्या दिवसांत. सरकारला परकीय चलन मिळत होते, गरिबाला चार पैसे मिळत होते, त्यामुळे बहुतेकांना हा व्यापार फायद्याचा वाटे.

अब्दुलालींनी या निर्यातीवर १९८५ मध्ये सविस्तर लेख लिहिला. त्यांचा मुद्दा व्यापाऱ्याला सहज पटेल असा होता. जमेच्या बाजूला परकीय चलन दिसते, पण खर्चाची बाजू कोणी मांडली का? भातखाचरातला बेडूक रोज किडे खातो, त्याची मजुरी आपण देत नाही. तो गेला की किडे वाढतात, मग शेतकरी औषध विकत आणतो, ते औषध पाण्यात उतरते. हा सगळा खर्च कोणाच्या खात्यावर? त्याच वर्षी खाण्यासाठी पकडल्या जाणाऱ्या दोन भारतीय जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले आणि १९८७ मध्ये भारत सरकारने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. या निर्णयामागे अनेकांचे प्रयत्न होते. पण हा धोका सर्वांत आधी ओळखून बोलणाऱ्यांत बाजारपेठेत आयुष्य घालवलेला हा माणूस होता. निर्यात म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

आमच्या घरातल्या वह्या

हे सगळे वाचताना मला राहून राहून माझ्या मरहूम अब्बांची आठवण येत होती. रायगड जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी त्यांचे कापडाचे छोटे दुकान होते. उधारीच्या लाल वह्यांची मागची पाने ते कोरी ठेवत आणि त्यांत स्वतःसाठी लिहीत. पहिला पाऊस कोणत्या तारखेला पडला, पावशा कधी ओरडला, नदीला पूर कुठवर आला, अंगणातल्या आंब्याला मोहोर केव्हा आला. दर वर्षी, न चुकता. आम्ही मुले हसत असू. अम्मी म्हणायची, “गिऱ्हाईक उभं आहे आणि तुमचे अब्बा पावशाची तारीख लिहितायत.” अब्बा वही मिटायचे आणि म्हणायचे, “कापड उद्याही मोजता येईल गं, हा आज ओरडलाय.”

अब्बा गेले. वर्षभराने दुकान दुसऱ्याला दिले. जागा रिकामी करताना सगळ्या वह्या आम्ही रद्दीत घातल्या. उधारी वसूल झाली होती, मग वह्या कशाला ठेवायच्या? मागची पाने कोणीच उलटून पाहिली नाहीत. मीही नाही. जवळजवळ तीस वर्षांच्या नोंदी किलोच्या भावाने गेल्या. आज पाऊस लांबतो, मोहोर पुढे-मागे होतो, लोक विचारतात की पूर्वी कसे होते. आमच्या गावापुरते त्याचे उत्तर आमच्याच घरात होते.

हुमायून अब्दुलाली आणि आमचे अब्बा यांची तुलना होऊ शकत नाही, हे मला कळते. एक विद्वान, दुसरा तालुक्यातला दुकानदार. पण दोघांचा शौक एकाच जातीचा होता. फरक एवढाच की अब्दुलालींनी आपल्या नोंदी छापल्या, नमुने संस्थेला दिले आणि इतरांशी देवाणघेवाण केली. त्यामुळे ते गेल्यावरही ते काम उरले. अब्बांचे काम वहीच्या मागच्या पानावरच राहिले, आणि ते तिथे आहे हे ठाऊक असूनही आम्ही वाचले नाही.

आपल्याकडे मुलाला एखाद्या गोष्टीचा नाद लागला की पहिला प्रश्न येतो, “याने काय मिळणार?” प्रश्न चुकीचा नाही. घर चालवायचे असते. पण अब्दुलालींचे आयुष्य सांगते की रोजीरोटी आणि शौक एकमेकांचे वैरी नसतात. पेढीवर शिकलेला हिशेबीपणा त्यांच्या पाखरांच्या कामी आला आणि पाखरांनी त्यांना पेढीबाहेरचे जग दाखवले. मात्र त्यासाठी शौकालाही धंद्यासारखीच शिस्त लागते. तारीख, जागा, काय पाहिले, किती पाहिले. आणि जे लिहिले ते चार लोकांना दाखवण्याची तयारी.

तुमच्या घरात कोणी वडीलधारे असे काही लिहून ठेवत असतील, मग ती बिर्याणीची मापे असोत, विहिरीच्या पाण्याची पातळी असो की खानदानाच्या जन्ममृत्यूंच्या तारखा, तर ती वही त्यांच्या हयातीतच एकदा त्यांच्याजवळ बसून वाचा. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी मागची पाने उलटा.

माझ्या मुलाचे शाळेचे काम कधीच संपले, पण वही चालू आहे. यंदा पावशा पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो धावत आत आला आणि तारीख विचारू लागला. मी रोट्या भाजत होते. तवा उतरवला आणि कॅलेंडर पाहून त्याला तारीख सांगितली.